बारशिंग्याचा खूर आणि रुंद स्की

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात हिम पडत नाही. (बालाघाट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातील डोंगररांग येते. येथे अभिप्रेत असलेला जिल्हा गोंदियाच्या उत्तरेस, वैनगंगेच्या काठी आहे.) तेथे धान पिकते, भरवेलीला मँगनीज आणि मलाजखंडला तांबे निघते, आणि कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. अशा ठिकाणाचा आधार घेऊन बर्फावर घसरत जाण्याच्या फळ्यांविषयी, म्हणजेच 'स्की'विषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु स्की किती रुंद असावी हा हिमप्रदेशातील खेळाडूंचा वादाचा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल, तर कान्हाच्या कुरणात चरणाऱ्या एका प्राण्याच्या पायाकडे पाहणे फार उपयोगाचे आहे. तो प्राणी म्हणजे बारशिंगा.

खूर आणि जमीन

बारशिंगा मूळचा दलदलीचा रहिवासी. उत्तर प्रदेशातील दुधवा राष्ट्रीय उद्यानात आणि तराईच्या पाणथळ प्रदेशात जो बारशिंगा आढळतो, त्याचे खूर फाकणारे असतात. पाय चिखलात पडला की खुराचे दोन भाग एकमेकांपासून दूर होतात, पायाखालचे क्षेत्र वाढते आणि प्राणी रुतत नाही. कान्हाचा बारशिंगा त्याचाच भाऊबंद. पण तो पिढ्यान्‌पिढ्या कठीण जमिनीच्या गवताळ कुरणांवर वाढला. त्याचे खूर घट्ट, आटोपशीर व टणक असतात. प्राणिशास्त्रज्ञ त्याची गणना वेगळ्या उपजातीत करतात आणि त्याला 'कठीण भूमीवरचा बारशिंगा' असे म्हणतात.

आता कोणी विचारले की या दोघांपैकी कोणाचा खूर चांगला, तर आपण काय उत्तर देऊ? जमीन कोणती हे सांगितल्याशिवाय हा प्रश्नच पुरा होत नाही. तराईच्या दलदलीत घट्ट खुराचा प्राणी रुतेल, आणि कान्हाच्या टणक माळावर फाकणाऱ्या खुराचा फारसा उपयोग होणार नाही.

हीच गोष्ट बालाघाटचा शेतकरी दर पावसाळ्यात अनुभवतो. धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी गजांची रुंद पिंजऱ्यासारखी चाके लावतात. त्यांच्यामुळे ट्रॅक्टर गाळात रुतत नाही. पण तीच चाके घेऊन डांबरी रस्त्यावर आले, तर ट्रॅक्टर खडखडतो, वळताना अडखळतो आणि रस्ताही उखडतो. चिखलात जो गुण होता तोच सडकेवर दोष ठरला. रुंद स्कीचे सारे मर्म या एका उदाहरणात आले आहे. पुढे जे सांगावयाचे आहे तो त्याचाच तपशील होय.

दाबाचे गणित

प्रथम थोडे गणित करू. बुटांसह एखाद्याचे वजन ७२ किलो आहे असे समजा. त्याच्या एका बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटीमीटर धरले, तर दोन्ही पायांवर उभे असताना दर चौरस सेंटीमीटरवर १८० ग्रॅम भार पडतो. ताज्या हिमाला एवढा भार सोसत नाही. माणूस गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत आत जातो.

आता त्याच्या पायांना १८० सें.मी. लांब आणि सरासरी ८ सें.मी. रुंद अशा दोन स्की बांधू. एकूण क्षेत्रफळ २,८८० चौरस सेंटीमीटर झाले आणि भार दर चौरस सेंटीमीटरला २५ ग्रॅमवर आला. लांबी तीच ठेवून सरासरी रुंदी १२ सें.मी. केली, तर क्षेत्रफळ ४,३२० चौरस सेंटीमीटर होते आणि भार १७ ग्रॅमच्या खाली उतरतो. म्हणजे नुसत्या बुटांच्या मानाने तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी झाला.

यात वेगाची भर पडते. चपटा दगड पाण्यावर अलगद ठेवला तर बुडतो. जोराने तिरका फेकला तर टप्पे घेत जातो. स्कीचेही तसेच आहे. वेग वाढला की समोरचे हिम तळाखाली दाबले जाते आणि स्कीला वर उचलते. अरुंद स्कीवरच्या माणसाला तरंगण्यासाठी बराच वेग घ्यावा लागतो. रुंद स्की कमी वेगातही वर राहते. नवशिक्याला किंवा वयस्काला रुंद स्कीवर धीर येतो त्याचे मुख्य कारण हे आहे.

हिमाची अनेक रूपे

आपण मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द सर्रास वापरतो. विषय समजण्यासाठी येथे थोडा भेद करावा लागेल. आकाशातून पडणारे ते हिम, आणि पाणी गोठून झालेला तो बर्फ, असे आपण धरू. ताजे, कोरडे हिम फार हलके असते. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो, तर तेवढ्याच ताज्या कोरड्या हिमाचे वजन बहुधा ५० ते १०० किलो भरते. बाकी सारी हवा! काही दिवसांनी ते बसते आणि २०० ते ३०० किलोंपर्यंत जड होते. वाऱ्याने थापटलेले हिम त्याहून घट्ट होते. शुद्ध बर्फाचे वजन घनमीटरला ९१७ किलो असते. म्हणजे ज्या पृष्ठभागावर स्की चालते, त्याची घनता दहापट किंवा त्याहूनही अधिक बदलू शकते. तराईची दलदल आणि कान्हाचा माळ यांत जेवढे अंतर, त्याहून हे अंतर थोडे नाही.

शिवाय हा बदल एकाच उतारावर, कधी एकाच दिवसात घडतो. काश्मीरमधील गुलमर्गचेच पाहा. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणारा पाळणा, दोन टप्प्यांत अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत जवळजवळ ३,९५० मीटर उंचीवर नेतो. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांनी वरच्या उतारांवर कोरडे, भुसभुशीत हिम साचते. खाली पठाराजवळ यंत्राने दाबून केलेल्या घट्ट वाटा असतात. मार्च आला की दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो आणि रात्री गोठतो. सकाळी काचेसारखा कठीण, दुपारी भिजलेल्या साखरेसारखा, असा तोच उतार दोन रूपे दाखवतो. एकच जोडी विकत घेणाऱ्याने त्यांतील कोणत्या रूपासाठी ती घ्यावी?

स्कीची कंबर आणि कड

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी स्कीच्या रचनेतील दोन गोष्टी माहीत असाव्यात. स्की वरून पाहिली तर तिचे पुढचे व मागचे टोक रुंद आणि मध्य अरुंद दिसतो. जेथे बूट बसतो त्या अरुंद भागाला स्कीची कंबर म्हणतात, आणि 'रुंद स्की' म्हणताना याच कंबरेचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात. शर्यतीच्या स्कीची कंबर ६५ ते ७० मि.मी.च्या आसपास असते. दाबलेल्या वाटांसाठीच्या स्की साधारण ८० मि.मी.पर्यंत, 'ऑल-माउंटन' म्हणजे सर्व प्रकारच्या उतारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ८० ते १०५, आणि खोल हिमासाठीच्या ११० मि.मी.च्या पुढे. या सीमा काटेकोर नाहीत. उत्पादकागणिक त्या थोड्या मागेपुढे होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना बसवलेली पोलादी कड. घट्ट हिमावर वळताना स्की एका अंगावर कलते आणि केवळ त्या कडेवर माणसाचा सारा भार येतो. बाजूचा आकार वक्र असल्यामुळे कललेली व वाकलेली स्की आपोआप वर्तुळाच्या कंसात फिरते. विळीचे पाते भाजीत शिरावे तशी ही कड हिमात शिरली पाहिजे. शिरली तर माणूस वळतो. न शिरली तर घसरतो.

कठीण वाटेवर रुंदीची किंमत

रुंदीची किंमत येथेच मोजावी लागते. पायाचा भार स्कीच्या मध्यावर असतो आणि हिमाची प्रतिक्रिया कडेवर येते. या दोहोंतील अंतर म्हणजे कंबरेच्या रुंदीचा निम्मा भाग. ६६ मि.मी. कंबरेच्या स्कीला ते ३३ मि.मी. आणि १०४ मि.मी.च्या स्कीला ५२ मि.मी. भरते. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलेले आहोत: बल तेच राहिले आणि भुजा वाढली की पीळ वाढतो. ७० किलोंचा भार एका कडेवर आला, तर पहिल्या स्कीत हा पीळ २३१ किलो-सेंटीमीटर होतो आणि दुसरीत ३६४. म्हणजे दीडपटीहून अधिक. हा पीळ स्कीला पुन्हा सपाट करू पाहतो. त्याला विरोध करायचा तो पायाने, आणि स्कीचा बूट घोट्यापाशी ताठ असल्यामुळे त्यातील बराचसा ताण गुडघ्याकडे जातो. दिवसभर घट्ट वाटेवर रुंद स्की चालवणाऱ्याचे पाय लवकर थकतात, ते यामुळेच.

दुसरी किंमत वेळेची. एका वळणातून दुसऱ्यात जाताना स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यावी लागते. ३० अंशांनी कलवायचे म्हटले, तर अरुंद स्कीत पायाचा मध्य सुमारे १६ मि.मी. वर उचलला जातो आणि रुंद स्कीत २६ मि.मी. फरक एक सेंटीमीटरचा. पण शर्यतीच्या घाईत, जेथे वळणामागून वळण येते, तेथे तो फार होतो. जागतिक स्पर्धांतील स्लॅलमच्या वाटा कित्येकदा मुद्दाम पाणी मुरवून गोठवतात. त्यावर रुंद स्की घेऊन कोणी उतरत नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून काश्मीरचा आरिफ खान जायंट स्लॅलम आणि स्लॅलम या दोन प्रकारांत उतरला होता. अशा शर्यतीत रुंदीला स्थान नसते. तेथे कान्हाचा घट्ट खूरच हवा.

उघड्या बर्फावर तर हा दोष अधिकच जाणवतो. कड किंचित बोथट असेल, तर रुंद स्की ताटलीसारखी आडवी घसरते. म्हणून रुंद स्कीच्या मालकाने कडांना वरचेवर धार लावून घेणे फारच अगत्याचे असते.

निरनिराळ्या उतारांवर

आता एकेका प्रकाराचा क्रमाने विचार करू.

खोल, कोरडे हिम: हे रुंद स्कीचे माहेर. येथे कडेला टेकायला काही कठीण नसते; स्की तळाच्या पूर्ण रुंदीवर तरंगते. घट्ट वाटेवर वळताना भार मुख्यतः बाहेरच्या पायावर देतात, तर येथे तो दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा ठेवावा लागतो. नाहीतर एक स्की बुडते आणि दुसरी वर राहते. स्कीचे पुढचे टोक वर वळलेले असेल (याला 'रॉकर' म्हणतात), तर ती हिमात नाक खुपसत नाही. पण हेच वळलेले टोक घट्ट वाटेवर जमिनीला टेकत नाही, आणि तेवढी कड वाया जाते. येथेही देवाणघेवाण आहेच.

तुडवलेले, ढेकळांचे हिम: ताज्या हिमावरून दुपारपर्यंत पुष्कळ लोक गेले की ते मऊ ढीग आणि घट्ट पट्टे यांचे मिश्रण होते. नांगरलेल्या शेतातून सायकल चालवावी तसा अनुभव येतो. मध्यम रुंदीची, थोडी जड व ताठ स्की येथे सर्वांत चांगली चालते. रुंदीमुळे ती मऊ भागात बुडत नाही, आणि वजनामुळे ढेकळांनी ढकलली जात नाही. रुंद पण फार हलकी स्की येथे निराशा करते. केवळ रुंदीवरून निर्णय करू नये, हे सांगणारे हे चांगले उदाहरण आहे.

पापुद्र्याचे हिम: वरचा थर गोठलेला आणि आतले हिम मऊ. पापुद्रा भार सोसत असेल तर रुंद स्की त्याच्यावरून निघून जाते, तेव्हा अरुंद स्की तो फोडून आत जाते आणि तेथेच अडकते. पापुद्रा मध्येच फुटत असेल तर मात्र कोणत्याही स्कीवर सावधपणेच उतरावे लागते.

टेंगळांचा उतार: अनेकांच्या वळणांनी घट्ट उतारावर हिमाची टेंगळे तयार होतात. त्यांच्यामधून जायला झटपट वळणे लागतात. येथे अरुंद आणि लवचिक स्की बरी. रुंद स्कीच्या कडा टेंगळांना आणि एकमेकींना लागतात.

झाडीतला उतार: गुलमर्गच्या खालच्या भागात देवदार व इतर सूचिपर्णी वृक्षांची दाट झाडी आहे. तिच्या सावलीत हिम बरेच दिवस मऊ राहते, म्हणून रुंदी हवीशी वाटते. पण दोन खोडांमधून वळायचे असते, म्हणून चपळाईही हवी. अशा ठिकाणी रुंद परंतु लांबीने थोडी आखूड स्की घेतात.

वसंतातले ओले हिम: दुपारच्या उन्हात भिजलेल्या हिमात पाणी असते व ते तळाला चिकटते. रुंद स्की वर राहते हा फायदा. पण तळाचे क्षेत्र मोठे असल्यामुळे ओढही जास्त लागते. तळाला योग्य मेण लावलेले नसेल तर उतारावरही जणू कोणी मागून धरल्यासारखे होते.

चढण: जेथे पाळणा नाही तेथे स्कीच्या तळाला केसाळ पट्टा लावून पायी चढतात. केस एका दिशेने असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. रुंद स्की म्हणजे जड स्की आणि रुंद पट्टा. हजार मीटरच्या चढणीत पायाला बांधलेला प्रत्येक जादा शंभर ग्रॅम जाणवतो. घट्ट तिरक्या उतारावर चढताना तर तरफेचा मघाचाच हिशोब पुन्हा आड येतो.

जुनी गोष्ट नव्याने

रुंद स्की ही अलीकडची युक्ती आहे असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः उलटे आहे. स्की प्रथम शिकारी माणसाने वापरली, आणि ती दाबलेल्या वाटांवर चालण्यासाठी नव्हतीच. स्वीडनमध्ये काल्व्ह्‌ट्रेस्क येथे १९२४ मध्ये सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. मध्य आशियातील अल्ताई पर्वतात आजही शिकारी लोक घोड्याच्या कातड्याचा तळ असलेल्या रुंद लाकडी स्की वापरतात. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नुरहाइम याने स्कीला कंबर आणि टाच धरणारे बंध देऊन वळणे सोपी केली. पुढे विसाव्या शतकात पाळणे आले, वाटा दाबणारी यंत्रे आली, जमीनच कठीण झाली. आणि तिच्याबरोबर स्कीही अरुंद राहिली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील ॲटॉमिक कंपनीचे अभियंता रूपर्ट हूबर यांनी खोल हिमासाठी अतिरुंद स्की तयार केली. एक स्नोबोर्ड उभा चिरून त्यांनी पहिला नमुना केला, असे सांगतात. आरंभी लोक या स्कीला हसले. ज्यांचे पाय जुन्या अरुंद स्कीवर थकत, त्यांनी ती आधी स्वीकारली. १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने ठळक कंबरेची स्की बाजारात आणली आणि वळण्याची रीतच बदलली. या दोन विचारांच्या मीलनातून आजची मध्यम-रुंद 'ऑल-माउंटन' स्की निघाली: टोके तरंगण्यापुरती रुंद, कंबर कड धरण्यापुरती अरुंद, मध्ये कमान आणि पुढे वर वळलेले नाक.

निसर्गाने ही तडजोड फार पूर्वी साधलेली आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या रेनडिअरच्या पायाची गादी उन्हाळ्यात ओल्या मऊ जमिनीवर फुगलेली व पसरट असते. हिवाळ्यात ती आकसते आणि खुराची कठीण कड उघडी पडते, जी गोठलेल्या पृष्ठभागात रुतून पाय घट्ट धरते. ऋतूप्रमाणे खूर बदलण्याची ही सोय माणसाच्या स्कीला नाही. म्हणूनच माणसाला निवड करावी लागते.

रुंदी ज्यापासून वाचवत नाही

येथवरचा विचार सोयीचा आणि खेळाचा होता. आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती जिवाची आहे.

रुंद स्कीने खोल हिमावरचा उतार सोपा केला. पूर्वी जेथे वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय कोणी जात नसे, तेथे आता दोन-चार हंगामांचा अनुभव असलेला माणूसही जातो. पण ज्या दिवशी हिम खोल, ताजे आणि रुंद स्कीला सर्वांत अनुकूल असते, बहुधा त्याच दिवशी हिमस्खलनाचा धोकाही सर्वांत मोठा असतो. ताज्या हिमाचा जड थर जुन्या, कच्च्या थरावर बसलेला असतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो एका माणसाच्या भारानेही सुटू शकतो. रुंद स्की आपला भार पसरवते हे खरे. परंतु थरावर थर रचून टनावारी हिम जेथे आधीच सुटण्याच्या बेतात आहे, तेथे दर चौरस सेंटीमीटरला सात-आठ ग्रॅम कमी झाल्याने काय वाचणार? पाय रुतत नाही म्हणजे जमीन भक्कम आहे, असा समज रुंद स्कीमुळे होतो, आणि तो घातक आहे.

याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. गुलमर्ग येथे सैन्याचे उंच पर्वतीय युद्धकलेचे विद्यालय आहे. १९४८ मध्ये स्की-शाळा म्हणून त्याचा आरंभ झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गजवळ या विद्यालयाच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमस्खलन झाले आणि १७ जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू असेच गेले. सैनिक असो वा हौशी खेळाडू, सुटलेल्या हिमाला भेद ठाऊक नसतो.

हिमाचा प्रदेश आपल्यापासून फार लांब आहे, आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे मनात येत असेल तर फेब्रुवारी २०१६ आठवावा. सियाचेनवर १९,६०० फुटांवरील सोनम ठाण्यावर हिमाची भिंत कोसळली आणि दहा जवान गेले. सहा दिवसांनी हिमाखालून जिवंत निघालेले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात प्राण सोडलेले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद धारवाड जिल्ह्याचे. त्याच ठाण्यावर गेलेले सुनील सूर्यवंशी सातारा जिल्ह्याचे. आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांच्या गावांतून ही मुले तेथे जातात. हिमाचे शास्त्र आपल्या अभ्यासक्रमात नसले, तरी आपल्या घरांत त्याची किंमत मोजली गेली आहे.

मग निवड कशी करावी?

जाणकार स्कीपटू खरेदीपूर्वी स्वतःला काही साधे प्रश्न विचारतो. आपले बहुतेक दिवस कोणत्या हिमावर जाणार? दाबलेल्या वाटेवर शिकायचे असेल तर ७५ ते ८५ मि.मी.ची कंबर पुरे. त्यावर कड धरायला शिकता येते, आणि हे शिक्षण पुढे सर्वत्र उपयोगी पडते. निम्मे दिवस वाटेवर आणि निम्मे वाटेबाहेर जात असतील, तर ९० ते १०० मि.मी.चा मध्यम मार्ग बरा. मुद्दाम खोल हिमासाठीच जायचे असेल, सोबत माहीतगार वाटाड्या, हिमस्खलनात माणूस शोधण्याचे यंत्र, फावडे व सळई ही साधने आणि ती वापरण्याचे शिक्षण असेल, तरच ११० च्या पुढचा विचार करावा. शरीराचे वजनही पाहावे: ५० किलोंच्या माणसाला जी स्की रुंद आहे, ती ९० किलोंच्या माणसाला तेवढी रुंद नसते, हे वरच्या गणितावरून कोणालाही पडताळून पाहता येईल.

आणि जाहिरातीत 'सर्व उतारांसाठी' असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ 'सर्व उतारांवर चालेल' इतकाच घ्यावा. 'सर्व उतारांवर उत्तम' असा घेऊ नये. मधल्या रुंदीची स्की खोल हिमात रुंद स्कीहून थोडी कमी तरंगते आणि बर्फावर अरुंद स्कीहून थोडी कमी धरते. तिचा गुण असा की ती कोठेच पूर्णपणे फसत नाही. रोज बदलणाऱ्या डोंगरावर हाही मोठाच गुण आहे.

शेवटी कान्हाकडे वळू. १९७० च्या सुमारास कान्हातील बारशिंग्यांची संख्या अवघ्या ६६ वर आली होती. खूर तेच होते, प्राणी तोच होता. पण त्याची कुरणे आणि त्यांतली सुरक्षितता हरपत चालली होती. कुरणे राखली, त्यांत संरक्षित आवार केले, पाण्याची सोय केली, तेव्हा कळप पुन्हा वाढले आणि २०१५ नंतर काही जनावरे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडता आली. एका विशिष्ट जमिनीसाठी घडलेल्या वस्तूचे बळ त्या जमिनीवर अवलंबून असते. स्की घेणाऱ्याने आधी हिमाकडे पाहावे आणि मग दुकानाकडे. डोंगरावर उभे राहिल्यावर तर केवळ हिमाकडेच पाहावे, कारण तेथे पायाखालची फळी किती मिलिमीटर रुंद आहे याहून तिच्याखाली काय आहे, हे कळणे अधिक महत्त्वाचे असते.